खिडकीखालचा ढीग

आमच्या कुत्र्याचं नाव बोका आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कुणाला हसू यायला नको. पिल्लू होता तेव्हा खिडकीत अंग मुडपून बसायचा आणि हात लावला की घुरघुरायचा, म्हणून माझ्या नवऱ्याने ठेवलेलं नाव. नवरा गेला, नाव राहिलं. आता बोकाही म्हातारा झालाय. ऐकू फारसं येत नाही, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण मी फ्रीज उघडला की पलीकडच्या खोलीत याची मान वर. ते कसं कळतं, त्याचं त्यालाच ठाऊक.

हिवाळ्याच्या तोंडाशी त्याचे मागचे पाय गेले. गेले म्हणजे दुखत नाहीत, पण धरतही नाहीत. पुढचे पाय उभे राहतात आणि मागचं अंग फतकल मारून बसतं. मग तो मागे वळून स्वतःकडे असा बघतो की, हे कुणाचं आहे? मला पहिल्यांदा रडू आलं, नंतर हसू आलं, नंतर मी कामाला लागले. बाथरूममध्ये वर्तमानपत्रं पसरायची, त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घालून उचलून न्यायचं, धरून ठेवायचं, तो करेपर्यंत त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. मग सगळं उचलायचं, फरशी धुवायची, आणि कंबर धरून ओट्याला टेकायचं. पहिला बर्फ पडल्यापासून बोक्याचा एक पाय अंगणात पडलेला नाही. हे आख्ख्या बिल्डिंगीत मला एकटीला माहीत होतं आणि मला ते तसंच ठेवायचं होतं.

कारण माझा मुलगा. मुलगा वाईट नाही हो. मऊ बोलतो, दर शनिवारी येतो, येताना फळं आणतो आणि जाताना नळ गळत असेल तर दुरुस्त करून जातो. पण तो हिशोबी डोक्याचा. बोका पहिल्यांदा अडखळला तेव्हाच त्याने मला समोर बसवून समजावलं होतं की, आई, पाय गेले की आपण त्याला डॉक्टरांकडे नेऊ, एक इंजेक्शन, त्याला कळणारही नाही. तुझी कंबर ही अशी, तू त्याला उचलत बसणार का? मी गप्प बसले. त्याने ते गप्प बसणं होकारात धरलं. तेव्हापासून शनिवार आला की मी बोक्याला उन्हाच्या तुकड्यात घोंगडीवर मांडून ठेवायची, पाय नीट दुमडून. मुलगा म्हणायचा, हल्ली फार झोपतो गं. मी म्हणायची, थंडी आहे ना.

माझे गुडघे गेलेत. कुठे जिना चढायची वेळ आली की मी कठड्याला लोंबकळते. मला नेणार का मग डॉक्टरांकडे? पण हे मी त्याला बोलले नाही, मनातच ठेवलं, आणि मनात ठेवलं की माझं डोकं जास्त तापतं.

तर आता त्या ढिगाचं सांगते.

आम्ही राहतो तळमजल्यावर, मागच्या बाजूला. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या गवतावर उघडते. उन्हाळ्यात बरं असतं. पण बिल्डिंगीत गाड्या वाढल्या, पुढच्या आवारात बर्फ साठला की कुणाला गाडी लावता येईना, म्हणून बिल्डिंगीच्या समितीच्या अध्यक्षांनी या हिवाळ्यात नवीन डोकं चालवलं. बर्फ ढकलणारा ट्रॅक्टर बोलावला आणि पुढचा सगळा बर्फ मागे आणून घालायला सांगितला. मागे म्हणजे कुठे, तर माझ्या खिडकीखाली. दर चार दिवसांनी तो ट्रॅक्टर घरघरत यायचा, पुढून भरायचा, मागे ओतायचा. ढीग माझ्या ओट्याच्या वर गेला. दिवसाढवळ्या दिवा लावून भाजी चिरत होते मी. अध्यक्षांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, काकू, बर्फच आहे, वितळून जाईल.

वितळून बर्फ जातो. बर्फात असतं ते जात नाही.

आणि बर्फात काय होतं, ते या बिल्डिंगीतल्या प्रत्येक कुत्रेवाल्याला माहीत होतं. पुढचं आवार दिव्याखाली, वाट साफ केलेली, त्यामुळे थंडीत सगळे आपापली जनावरं तिथेच फिरवतात. कुत्रा बसला की मालक आभाळाकडे बघतो. उठला की बुटाने चार बोटं बर्फ लोटायचा आणि घरात. याला आमच्याकडे पांघरूण घालणं म्हणतात आणि यात कुणाला काही वाटत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांचा तो घोड्याएवढा कुत्रा. वरचे बासरी शिकवणारे मास्तर, त्यांची खेकसणारी कुत्री. आणि अध्यक्षांच्या घरची दोन पांढरी, लोकरीच्या गुंड्यांसारखी, स्वेटर घालून फिरणारी. सगळ्यांनी थंडीभर पांघरूण घातलं, आणि ट्रॅक्टरने ते पांघरुणासकट उचलून माझ्या दारात आणून टाकलं.

मग ऊन पडायला लागलं. पागोळ्या गळायला लागल्या. ढीग एकेक दिवस खाली बसत गेला आणि एकेक दिवस काळा होत गेला. आधी ठिपके दिसले, मग गोळे, मग खिडकी उघडायची सोय राहिली नाही. पुढचं आवार मात्र कसं स्वच्छ. कुणीही पाहिलं असतं तर म्हटलं असतं, किती शिस्तीची माणसं, आणि मागे राहणारी ती बाई किती घाणेरडी.

तसंच म्हणाले. एका सकाळी अध्यक्ष दारात आले. विम्याचा धंदा आहे त्यांचा, त्यामुळे वाईट बातमी सांगताना चेहरा अगदी सोज्वळ करतात. म्हणाले की मागची परिस्थिती समितीच्या नजरेला आली आहे, तुमच्या कुत्र्याने फारच केलंय, रविवारी सगळे मिळून आवार साफ करणार आहोत, पुढचं आम्ही बघू, मागचं तुम्ही उचला. मी म्हटलं, ते बोक्याचं नाही. ते हसले. म्हणाले, काकू, तुमच्या खिडकीखाली आहे.

मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली. बोक्याच्या नावावर एक ताकीद आधीच होती. शरद ऋतूत आगीच्या भोंग्याची चाचणी झाली, तेव्हा तो भोंग्याच्या बरोबरीने भुंकला. भोंगा थांबला, हा थांबला नाही. तर एक ताकीद ती. ही दुसरी. दुसऱ्या ताकिदीनंतर जनावर आवारात ठेवता येत नाही, असा नियम. पण तुम्ही रविवारी मुकाट्याने उचललंत, चूक झाली असं म्हणालात, तर मी समितीला सांगून उन्हाळ्यापर्यंत मुदत मिळवून देतो, तोवर त्याची कुठेतरी सोय बघा, असं ते म्हणाले. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही माझ्यावर उपकारच केले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे उचललं तर कबूल, आणि कबूल केलं तर उन्हाळ्यात बोका बाहेर. नाही उचललं तर लगेच बाहेर. चौदा वर्षांचा पांगळा कुत्रा कोण घेणार होतं? त्याची सोय म्हणजे तेच इंजेक्शन. अध्यक्षांना तोंडावर सांगता आलं असतं मला, की अहो, तो चालतच नाही, तो मागे जाईल कसा? सगळं एका वाक्यात संपलं असतं. पण हे वाक्य बिल्डिंगीत पडलं की संध्याकाळपर्यंत माझ्या मुलाच्या कानावर गेलं असतं, कारण अध्यक्षांनीच त्याचा विमा उतरवलाय. मी तोंड मिटून दार लावून घेतलं. जोरात लावलं.

मी आयुष्यभर शहरात बस चालवली. मागून कुणी हॉर्न मारला की मी आणखी सावकाश जायची. माझा स्वभाव आहे तो, आणि साठी उलटल्यावर स्वभाव बदलायला मी काही कुणाची सून नाही.

शनिवारी मुलगा आला. अध्यक्षांनी फोन करून त्याचे कान आधीच भरले होते. त्याने खिडकीतून बघितलं, नाकाला हात लावला आणि म्हणाला की, आई, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला भांडतेस, तासाभराचं काम आहे, उद्या मी येऊन उचलतो. मी सांगितलं, आपलं नाही ते, आपण उचलायचं नाही. तो म्हणाला, कुणाचं का असेना, घाण ती घाण. ऐकायला अगदी शहाण्यासारखं बोलणं. मला त्याचा राग आला आणि माझा स्वतःचाही आला, कारण बोका घोंगडीवर पडून शेपूट हलवत होता आणि मी त्याच्या पायांवर मुद्दाम उशी ठेवली होती. मुलाने वाकून त्याचं डोकं खाजवलं. उशी तशीच राहिली.

रविवारी ऊन चांगलं पडलं. पुढे सगळे हातमोजे घालून जमले. पुढे उचलायला होतं काय? दोन कागद, एक फुटकी बादली. ते झाडून झालं, आणि मग सगळे फिरत फिरत मागे आले, बघायला. अध्यक्षांच्या हातात काळ्या पिशव्यांचं भेंडोळं. अध्यक्षीणबाईंच्या कडेवर एक लोकरीचा गुंडा. डॉक्टरीणबाई घोड्याला आवळून धरून. मास्तर जरा मागे, गळ्यात मफलर. मी खिडकी उघडून आत उभी होते. माझं ठरलेलं होतं, खिडकीत उभं राहायचं आणि हात लावायचा नाही. काय करायचं ते करा.

तेवढ्यात माझा मुलगा कोपऱ्यावरून आला. खांद्यावर फावडं, पायात रबरी बूट. सगळ्यांना मान लववून नमस्कार केला, अध्यक्षांना म्हणाला, आईच्या वतीने मी सॉरी म्हणतो. आणि ढिगाकडे निघाला. अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांच्या तोंडावर ते समाधान बघितलं आणि मला कळलं की हा आता एक फावडं मारील, आणि ते एक फावडं म्हणजे बोका गेला.

“थांब,” मी म्हटलं. “फावडं खाली ठेव.”

बस चालवणाऱ्या बाईचा आवाज आहे तो. शेवटच्या सीटपर्यंत जायचा. मुलगा थांबला, मास्तरसुद्धा एक पाऊल मागे सरकले. मी सांगितलं, मी येतेय, तोवर कुणी कशाला हात लावायचा नाही.

आत आले आणि बोक्यापाशी उभी राहिले. त्याला बाहेर नेलं की वाचेल आणि बाहेर नेलं की मुलाला दिसेल. दोन्ही एकाच दारातून. पण त्या बाईच्या कडेवरच्या गुंड्याची घाण माझ्या बोक्याच्या नावावर जाऊन त्याने मरायचं, हे मला सहन होणार नव्हतं. जायचंच असेल तर त्याच्या स्वतःच्या पायांमुळे जाऊ दे. मी त्याला उचललं, धुण्याच्या चाकांच्या टोपलीत घातलं, खाली घोंगडी, आणि पुढच्या दाराने उतारावरून ढकलत, बिल्डिंगीला वळसा घालून मागे नेलं. चिखलात चाकं रुतली तशी ओढली. टोपलीतून बोक्याचं नाक तेवढं बाहेर, आणि ते नाक एवढ्या महिन्यांनी ओल्या मातीच्या वासाने येडं झालेलं.

सगळे बघत राहिले. मी टोपली अध्यक्षांच्या बुटांपाशी आणून उभी केली.

“हा चालत नाही,” मी म्हटलं. “पहिल्या बर्फापासून नाही चालत. बाथरूममध्ये कागदावर करतो आणि मी या हातांनी उचलते, रोज. याचं इथे काही नाही.”

अध्यक्ष म्हणाले की असं कसं, आता काय कुणीही काहीही सांगेल. त्यावर डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, खरंच की, मी याला थंडीभर पाहिलंच नाही. बोलून त्यांचं त्यांनाच काहीतरी लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच घोड्याकडे पाहिलं. मग ही घाण आली कुठून, असं अध्यक्षांनी विचारलं. मी पुढच्या आवाराकडे बोट केलं. म्हटलं, तिथून आली. ट्रॅक्टरने आली. तुम्ही बोलावलेल्या. तुम्ही सगळ्यांनी थंडीभर पांघरूण घातलंत आणि पांघरुणासकट माझ्या खिडकीखाली आणून ओतलंत. माझ्या भाजीवर अंधार पाडलात तो वेगळाच.

पण मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. मुलगा टोपलीपाशी गुडघ्यावर बसला होता. त्याने घोंगडी बाजूला केली आणि बोक्याच्या मागच्या पायांवर हात ठेवला. काटकुळे झालेत ते. त्याने एक पाय हलवून बघितला, पाय जिथे सोडला तिथेच पडला.

“आई. एवढे दिवस?”

“एवढे दिवस.”

“आपलं ठरलं होतं ना.”

“तुझं ठरलं होतं,” मी म्हटलं. “मी गप्प होते. आता बोलते. तो जेवतो, शेपूट हलवतो, माझी वाट बघतो. त्याचे पाय गेलेत, तो नाही गेला. मी आहे तोवर मी त्याला उचलणार. माझी कंबर माझी आहे, तिचं मी बघेन. तुला दर शनिवारी घाबरून मी त्याच्या पायांवर उशा ठेवत होते. उद्यापासून ठेवणार नाही.”

चारचौघांत मी कधी रडले नव्हते, नवरा गेला तेव्हाही नाही. तिथेही रडले नाही, पण अगदी काठावर होते. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याचा हात अजून त्या पायावरच होता.

आणि तेवढ्यात बोका टोपलीत धडपडायला लागला. पुढच्या पायांनी काठ खरवडत, कुईं कुईं करत. हा आवाज मला पाठ आहे. मी वाकले, पोटाखाली हात घातले, पण सकाळपासून सगळी ताकद त्या टोपलीत गेली होती आणि चिखलात माझे पायच ठरेनात. अर्धा वर आला आणि माझ्या हातून निसटायला लागला.

“सोड,” मुलगा म्हणाला. “मी धरतो. कसं धरायचं ते सांग.”

मी सांगितलं. एक हात पोटाखाली, एक मागे, मांड्यांच्या मध्ये, आणि त्याला ओढायचं नाही, त्याच्या मनाने जाऊ द्यायचं. मुलाने धरलं. कोट चिखलात, रबरी बूट रुतलेले, तोंड कुत्र्याच्या पाठीवर. बोक्याने पुढचे पाय पिवळ्या गवतावर टेकले, थोडा इकडे गेला, थोडा तिकडे, मुलगा त्याच्यामागे वाकूनच सरकत राहिला. सगळी बिल्डिंग हातमोजे घालून बघत होती. आणि अध्यक्षांच्या अगदी समोर, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा मातीवर, बोका शांतपणे बसला आणि त्याने केलं. घाई नाही, काही नाही. मुलगा त्याला धरून होता आणि त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. मला वाटतं, हवापाण्याचंच.

अध्यक्षांचं तोंड उघडलं. काहीतरी म्हणणार होते, नियमातलं. मी त्यांच्यासमोर हात पसरला.

“पिशवी,” मी म्हटलं.

त्यांनी भेंडोळ्यातून एक पिशवी फाडून दिली. मी पिशवीत हात घातला, वाकले, कंबरेने जीव घेतला तरी पूर्ण वाकले, आणि उचललं. गवताची काडी शिल्लक राहणार नाही असं उचललं. पिशवी उलटली, गाठ मारली, आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

“हे आमचं,” मी म्हटलं.

आणि तिथेच उभी राहिले. मुलाने बोक्याला टोपलीत ठेवलं, घोंगडी सारखी केली आणि माझ्या बाजूला येऊन तोही उभा राहिला, घरात चल म्हणाला नाही. मग अध्यक्षीणबाईंनी कडेवरचा गुंडा खाली सोडला, नवऱ्याच्या हातातलं भेंडोळं काढून घेतलं आणि ढिगापाशी जाऊन वाकल्या. डॉक्टरीणबाई वाकल्या. मास्तरांनी मफलर नाकावर ओढला आणि वाकले. सगळ्यांत शेवटी अध्यक्ष वाकले, आणि ते वाकेपर्यंत मी जागची हलले नाही.